भर समुद्रावरची वाट

गावची वाट आपण सारेच ओळखतो. तिला खुणा असतात. वडाचे झाड असते, विहीर असते. पण समुद्रावरून जाणाऱ्या विमानाला कसली आली खूण?

युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये अटलांटिक नावाचा महासागर आहे. त्यावरून रोज शेकडो विमाने जातात. रडार नावाचे यंत्र लांबची विमाने दाखवते. पण किनाऱ्यावरच्या रडारची नजर भर समुद्रात पोचत नाही. दोन विमाने आदळली तर? किती जीव जातील!

म्हणून सगळे मिळून विचार करतात. आपल्याला कोणती वाट सोयीची, हे विमान कंपन्या रोज कळवतात. ते पाहून स्कॉटलंडातल्या प्रेस्टविकचे आणि कॅनडातल्या गँडरचे वाहतूक-नियंत्रक वारा बघून त्या दिवसाच्या वाटा आखतात. युरोपाकडे जाताना पाठचा वारा घ्यायचा, अमेरिकेकडे जाताना समोरचा वारा चुकवायचा. तेल वाचते, वेळही वाचतो.

पूर्वी वैमानिक ठराविक ठिकाणी रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगत. २०१९ पासून आकाशातले उपग्रहही तो काही सेकंदांत कळवू लागले. त्यामुळे विमानांमधले अंतर कमी करता आले, आणि तरी प्रवास सुखरूप राहिला.

वाट सर्वांची असली, तर ती सर्वांना विचारूनच आखावी. हे आपल्या गावालाही लागू आहे.