वाढीव पाटा

सोयाबीनच्या राशी उरकत आल्या की औशातून लातूरच्या आडतीकडे निघालेल्या पिकअप नीट बघाव्यात. कट्ट्यांनी गच्च भरलेली गाडी रस्त्याला अगदी समांतर चाललेली असते. तीच गाडी माल उतरवून संध्याकाळी परतते, तेव्हा मागून वीतभर उचललेली आणि तोंडानं खाली वाकलेली दिसते. कंपनीच्या मापातली पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असतेच, पण इतकी नाही. म्हणजे हिच्या मागच्या पाट्यांना, स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना, कुणीतरी हात लावलेला आहे.

संपादकांनी मला औशाला पाठवलं होतं ते जरा वेगळ्या बातमीसाठी. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली. मोठ्या शहरांतल्या हौशी मालकांनी या पिकअपना लिफ्ट किट बसवायला सुरुवात केली. स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, लांब बोल्ट असं सगळं एका खोक्यात येतं आणि गाडी दोन-तीन इंच उंच होते. हे वेड मराठवाड्यात पोचलंय का आणि पोरं ते घरच्या अंगणात कसं बसवतात, हे बघायचं होतं. वेड पोचलेलं आहे. पण इथं गाडी उचलायची रीत त्या खोक्यांच्या कितीतरी आधीची आहे. ती हौसेतून आलेली नाही, भाड्याच्या हिशोबातून आली आहे. म्हणून मी खोकी सोडून पाटेवाल्याकडे जाऊन बसलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. लंडनच्या ओबादाया एलियट या बग्गी बनवणाऱ्या कारागिरानं १८०४ मध्ये लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि गाडीचा सांगाडा आसावर लवचीकपणे तोलून धरला. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून विलिज जीप जोडायला घेतली. तिची चारही चाकं पाट्यांवर होती. पुढं मराठवाड्यातल्या काळ्या-पिवळ्या जीपनी तिच्या पोटात आणि टपावर माणसं बसवली, आणि तालुक्या-तालुक्याला पाटे बदलणारे कारागीर तयार झाले. २००५ मध्ये टाटांचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला, त्याच्या तर पुढच्या आसालाही पाटेच. मोटारी कॉइल स्प्रिंगवर गेल्या, तरी माल वाहणाऱ्या गाडीचा मागचा भाग अजून बहुतेक करून पाट्यांवरच आहे.

हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांचं दुकान आहे त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. वय साठीच्या घरात. हाताखाली दोन पोरं, एक ऐरण, दोन घण, आणि भिंतीला टेकून उभे केलेले शंभरेक जुने पाटे. ते काळ्या-पिवळ्यांच्या काळात शिकले. बोलतात कमी, पण पाटा हातात असला की मोकळे होतात.

सगळ्यात वर मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले, डोळ्यांत बुश. खाली एकाहून एक आखूड पाटे, मधोमध सगळ्यांच्या पोटातून गेलेला सेंटर बोल्ट, आणि हा सगळा गठ्ठा आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट. एवढंच दिसतं. दिसत नाही ती गोष्ट उस्तादांनी गठ्ठा सोडून दाखवली. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला असतो. नुसते एकावर एक ठेवले तर दोघांच्या मध्ये बारीक फट राहते. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते, आणि मिटताना खालचे पाटे मेन पाट्याला उलट्या दिशेनं ताण देऊन ठेवतात. रस्त्यावर खड्डा आला की मेन पाट्याला आधी तो उलटा ताण उतरवावा लागतो, मग खरा ताण चढतो. ज्याच्या डोळ्यांवर गाडी लटकलेली असते, तो पाटा त्यामुळे वाचतो. ही फट किती ठेवायची, हे उस्ताद बोटाच्या पेरानं ठरवतात. तो हात बघण्यासाठी मी तिथं पुन्हापुन्हा गेलो.

बसलेला पाटा पुन्हा वाकवायचा असेल तर ते जमिनीवर खडूनं कमान काढतात. कंपनीचा नवा पाटा ठेवून त्याच्या कडेनं रेघ ओढलेली असते. मग जुना पाटा थंडच ऐरणीवर ठेवून, टोकाकडून मध्याकडे बोट-बोट सरकवत घणाचे ठोके द्यायचे, मधूनमधून रेघेवर ठेवून बघायचं. भट्टी कधीच पेटवत नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लाल केला की पाटा मेला." त्याचं शास्त्रही तेच सांगतं. हे सिलिकॉन मिसळलेलं पोलाद असतं, कार्बन साधारण अर्धा टक्का. कारखान्यात ते तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा मोजक्या उष्णतेवर शेकतात, तेव्हा त्याला वाकून परत येण्याचा गुण येतो. खेड्यातल्या भट्टीत तो गुण पाच मिनिटांत जातो आणि परत आणता येत नाही. वेल्डिंगचंही तसंच. उस्तादांच्या दुकानात तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मिळत नाही, तो कोपऱ्यात जातो. तिथून घिसाडी उचलून नेतात आणि त्याचे कोयते-विळे होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी हातांत अशा एखाद्या ट्रकचा तुकडा असतो.

गाडी उचलायची म्हणजे या गठ्ठ्यात एक पाटा वाढवायचा. हे सोपं वाटतं, पण पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या तिसऱ्या घातानं वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. म्हणून गिऱ्हाईक "जाडजूड टाका" म्हणालं की उस्ताद आधी विचारतात, कट्टे किती भरतोस आणि रिकामा किती फिरतोस. अर्ध्या फेऱ्या रिकाम्या असणाऱ्याला ते जाड पाटा देत नाहीत. रिकामी गाडी त्या पाट्यावर उड्या मारते, चाक रस्ता सोडतं, आणि ड्रायव्हरची कंबर जाते ते वेगळंच.

औसा तालुक्यात उंचीची मागणी आणखी एका कारणानं आहे, ती म्हणजे काळी जमीन. पाणी पिऊन फुगणारी ही माती पावसाळ्यात पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडते आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखाली २०२१ पासून पाणंद रस्त्यांवर खडी-मुरूम पडायला लागला, तरी प्रत्येक रानापर्यंत तो गेलेला नाही. त्यामुळे पोरं म्हणतात, गाडी उचला, म्हणजे अडकायची नाही. इथं उस्ताद त्यांना आडवं होऊन गाडीखाली बघायला लावतात. चिखलाच्या उंचवट्यावर सगळ्यात आधी टेकतो तो मागच्या आसाचा गोळा, ज्याच्या पोटात डिफरन्शियल आहे. आणि आस तर चाकांना धरून आहे. पाटे कितीही वाढवा, किट कितीही महागाचं आणा, गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरनं. पाट्यांनी उचलली जाते ती चेसी, सायलेन्सर, मागचा बंपर. माझ्या समोर आलेल्या पोरांपैकी बहुतेकांना हे गाडीखाली शिरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

घरी गाडी उचलण्याचं पुढचं सगळं मला किल्लारीकडच्या एका पोरामुळे बघायला मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्या भागातली गावं नव्या जागी, रुंद रस्त्यांनिशी आणि ऐसपैस प्लॉटांवर वसवली गेली. जुन्या गावातल्या बोळात पिकअप शिरली नसती, नव्या गावात ती अंगणात उभी राहते आणि भोवती काम करायला जागा उरते. या पोरानं फोनवर व्हिडिओ बघून लोखंडी ठोकळे आणि लांब यू-बोल्ट मागवले होते. ठोकळा आस आणि पाट्यांच्या मध्ये बसतो. पाटा ताठ होत नाही, गाडी मात्र ठोकळ्याच्या जाडीएवढी वर येते. दोन इंच वर आली. दुसऱ्या दिवसापासून साठच्या वेगाला गाडीच्या पोटातून थरथर सुरू झाली, म्हणून तो उस्तादांकडे आला.

"उस्ताद, गाडी लई थरथरायलीय."

"कामून उचललास?"

"भरल्यावर मागून बसायली होती की."

उस्तादांनी आधी थरथरीचं बघितलं. गिअरबॉक्समधून मागं जाणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांच्या क्रॉसमधून वळतो. चेसी वर गेली, आस खाली राहिला, म्हणजे शाफ्ट जास्त तिरका झाला. दोन्ही टोकांचे कोन जुळेनासे झाले की फिरणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थोडा घाईत आणि थोडा सावकाश फिरतो. क्रॉस लवकर जातात. यावर पाचरीसारखी पट्टी बसवून आसाचं तोंड थोडं वर करता येतं, पण ती अंदाजानं बसत नाही.

मग यू-बोल्ट. पोरानं एका बाजूला जुनेच वापरले होते. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट लांबतो, त्याचा आटा खेचला जातो, दुसऱ्यांदा तो तेवढी पकड धरत नाही. पकड सुटली की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, आणि त्या बोटभर बोल्टचं काम भार घेण्याचं नाहीच. त्याचं डोकं खालच्या खाचेत बसून आसाला जागेवर ठेवतं, एवढंच. तो तुटला की आस एका बाजूनं मागं सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. अंगणातल्या मऊ मातीवर जॅक लावून, खाली स्टँड न ठेवता, क्लॅम्प न लावता हा सेंटर बोल्ट कापणारी पोरं आहेत. दाबलेला गठ्ठा सुटतो तेव्हा पाटा कुठं उडेल याचा नेम नसतो. उस्तादांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती एका बारक्या दांडीची. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या आसापासून चेसीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला एक दांडी जोडलेली असते. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की तोच व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. म्हणजे या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चेसी आणि आस यांच्यातलं अंतर कळतं. ठोकळ्यानं ते अंतर दोन इंच वाढवलं, की कट्ट्यांनी भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. भर मालात मागचा ब्रेक निम्मा-शिम्मा लागतो, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि गाडी थांबायला जास्त रस्ता घेते. वाढीव पाट्यानंही हेच होतं, कारण पाटा वाढवायचा तोच मुळी गाडी बसू नये म्हणून. काही ठिकाणी याला उपाय म्हणून दांडी तारेनं वर बांधून टाकतात. मग पावसात रिकामी गाडी मागून घसरते.

उस्तादांनी त्या पोराला दांडी हातानं हलवून दाखवली. पोरगा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याच गाडीत तो कडबाही भरतो, टपाच्या वर पुरुषभर. उंच झालेली चेसी, वर उंच कडबा आणि भरात न लागणारा ब्रेक एकत्र आले तर वळणावर काय होईल, हे मला तिथं उभं राहूनच नको वाटलं.

कायद्याची बाजूही त्याला ठाऊक नव्हती. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत कंपनीच्या मूळ मापाला सोडून बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड ठेवला आहे. जादा मालाला २०,००० रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. अपघात झाला तर विमा कंपनी आधी गाडीखाली बघणार. हे दंड मला जास्त वाटत नाहीत. मला खटकतं ते हे, की ज्या भाड्याच्या दरात एक टनाची फेरी परवडत नाही, त्या दराला कुठलंच कलम लागत नाही. कट्टे वाढतात, म्हणून पाटा वाढतो.

वाढीव पाट्याचं काम उस्ताद आता कमी घेतात. बसलेला मूळ गठ्ठा खडूच्या रेघेवर आणून परत कंपनीच्या उंचीला बसवून देणं, हे त्यांना जास्त पटतं. त्यात दांडी खरं बोलते आणि कायदाही आडवा येत नाही. पण त्यात गाडी भरल्यावर बसते, बसायलाच हवी, आणि हेच गिऱ्हाइकाला नको असतं. किल्लारीकडच्या त्या पोराशीही त्यांचा त्यावरूनच वाद झाला.

"मग माल कमी भरू का, उस्ताद? हप्ता कोण भरंल?"

"ठोकळे काढायलाव मी. पाटे ठोकून देतो, कंपनीसारखे. पटत नसंल तर गाडी ने."

पोरगा शेडच्या बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला, बहुधा घरी. परत आला तेव्हा उस्तादांनी सामानाची चिठ्ठी त्याच्या हातात दिली: चार नवे यू-बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, डोळ्यांचे बुश, शाफ्टचा एक क्रॉस. लातूरहून आणायला सांगितलं आणि बजावलं, की गाडी तयार झाल्यावर पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायला आणायची.

"आडतीच्या चार-पाच फेऱ्या मारून येतो की," पोरगा म्हणाला.

"एक फेरी. अर्धे कट्टे," उस्ताद म्हणाले, आणि जॅक सरकवत पिकअपच्या खाली गेले.