स्वमग्न मुलाची सहल आणि शिदोरीतील भाकरी

परभणीहून खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ला जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. मूल स्वमग्न असेल आणि त्याला गहू वर्ज्य असेल, तर पालकांची खरी कसोटी प्रवेशद्वारावर लागते. मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा नेऊ देत नाहीत. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच व्यवस्थापनाकडून डब्याची लेखी परवानगी घ्यावी. डॉक्टरांची चिठ्ठी व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सोबत असावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे.

गहू-दूध सोडल्याने स्वमग्नता कमी होते, याला ठोस शास्त्रीय पुरावा नाही. मात्र काही मुलांना सिलिअ‍ॅक हा आजारही असतो. त्यांना गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन किंचितही चालत नाही. (तपासणीआधीच गहू बंद केल्यास निदान चुकू शकते.) ज्वारीत ग्लुटेन नसते. परभणीकरांच्या घरची भाकरी ही म्हणूनच आयती शिदोरी. फक्त गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळू नये. हिंगाकडेही लक्ष हवे, कारण बाजारातील हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. उद्यानातील बटाट्याचे तळलेले कापही ब्रेडचा चुरा लावलेल्या कटलेटच्याच तेलातून निघालेले असू शकतात.

राहिला गोंगाट. त्याची तालीम गावातच करता येते. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात आकाशपाळणे येतात. गर्दी नसताना, दुपारी, अर्धा तास मुलाला तेथे न्यावे. हात कानांवर गेले की परतावे. काही मुलांना पाळण्यात बसण्यापेक्षा तो दुरून फिरताना पाहणेच भावते. त्यांना बसविण्याचा आग्रह धरू नये, तिकिटाचे पैसे वाया गेले तरी.