महाविद्यालयीन युवक आणि सायबर गुन्हेगारी : ‘भाड्याच्या बँक खात्यां’ची कारणे व सामाजिक परिणाम

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकात माहिती तंत्रज्ञानाने मानवी जीवनाची बहुतेक सर्व क्षेत्रे व्यापली आहेत. २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू झाली, त्याच वर्षी मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि बँकेचा व्यवहार विद्यार्थ्याच्या खिशात आला. या सोयीबरोबर गुन्हेगारीचे नवे स्वरूपही समाजासमोर आले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार भारतात २०२१ मध्ये ५२,९७४, तर २०२२ मध्ये ६५,८९३ सायबर गुन्ह्यांची नोंद झाली. २०२२ मधील सुमारे ६५ टक्के गुन्ह्यांचा हेतू आर्थिक फसवणूक हा होता.

युवक व सायबर गुन्हेगारी यांची चर्चा करताना सामान्यतः दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक, संगणकशास्त्रात निष्णात असलेला हॅकर. दुसरे, फसवणुकीला बळी पडलेला भाबडा विद्यार्थी. या दोहोंच्या मधे एक तिसरा युवक उभा आहे. स्वतःचे बँक खाते, एटीएम कार्ड व सिम कार्ड थोड्याशा मोबदल्यात तो दुसऱ्याच्या हवाली करतो. गुन्हा घडवण्याचे कौशल्य त्याच्याकडे नसते, परंतु त्याच्या नावाशिवाय गुन्हा पूर्णत्वास जात नाही. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या युवकाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) भाड्याच्या बँक खात्यांची कार्यपद्धती समजून घेणे. २) युवक या व्यवहारात ओढले जाण्याच्या कारणांचा शोध घेणे. ३) त्याच्या सामाजिक परिणामांचा आढावा घेऊन महाविद्यालयीन पातळीवरील उपाय सुचविणे. लेखासाठी वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय अहवाल, कायदे व प्रसिद्ध प्रकरणे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

भाड्याच्या खात्याची कार्यपद्धती :

ऑनलाइन फसवणुकीत पैसा मिळविण्यापेक्षा तो पचविणे कठीण असते. रक्कम कोणत्या ना कोणत्या खात्यात जमा करावीच लागते आणि प्रत्येक खात्यामागे आधार, पॅन व छायाचित्र असते. म्हणूनच टोळ्यांना इतरांच्या नावावरील खाती हवी असतात. बँकिंगच्या परिभाषेत त्यांना ‘म्यूल खाती’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. दुसऱ्याचे ओझे वाहणारे जनावर. फसवलेल्या व्यक्तीची रक्कम प्रथम अशा एका खात्यात येते, काही मिनिटांतच तिचे तुकडे होऊन ती दुसऱ्या व तिसऱ्या फळीतील खात्यांत जाते आणि शेवटी एटीएममधून रोख काढली जाते किंवा आभासी चलनात बदलली जाते.

दूर बसलेल्या गुन्हेगाराला स्थानिक हातांची गरज कशी भासते, हे पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणातून दिसून आले. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले. त्यासाठी बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएम केंद्रांतून रोख काढण्यात आली आणि भारतातही पैसे काढणारे लोक होतेच. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. यंत्रणा भेदणारे मेंदू अंधारात राहतात आणि एटीएमच्या कॅमेऱ्यात मात्र पैसे काढणाऱ्याचा चेहरा दिसतो. भाड्याने दिलेल्या खात्याचेही तेच आहे. पोलिसांच्या कागदावर पहिले नाव खातेदाराचे येते.

कारणे :

१) आर्थिक निकड : गावाहून शहरात आलेल्या विद्यार्थ्याला खोलीभाडे, खानावळ व परीक्षा शुल्क यांची तोंडमिळवणी करावी लागते. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली की ही ओढाताण वाढते. समाजाने ठरविलेली ध्येये व ती गाठण्याची वैध साधने यांत अंतर पडले की विचलन घडते, असे रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडले होते. महागडा मोबाइल व झटपट कमाई यांचे आकर्षण या अंतरात भर घालते.

२) गुन्ह्याची जाणीव नसणे : ग्रेशम साइक्स व डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की, तरुण गुन्हेगार नैतिक मूल्ये नाकारत नाहीत, तर स्वतःच्या कृतीपुरते समर्थन शोधतात. ‘मी कोणाला फोन केला नाही’, ‘माझ्या खात्यात मुळात पैसेच नव्हते’, ‘कंपनीला कर वाचवायचा आहे’ ही अशाच समर्थनाची रूपे होत. फसवलेली व्यक्ती समोर दिसत नसल्याने हे समर्थन मनाला सहज पटते.

३) मैत्रीचे जाळे : खाते मागणारा बहुधा अनोळखी नसतो. वसतिगृहातील सोबती, गावाकडचा मित्र किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी ‘दोन दिवसांपुरते कार्ड दे’ म्हणतो. नकार देणे म्हणजे मैत्रीवर अविश्वास दाखविणे, असे समजले जाते.

४) बेरोजगारी : ‘घरबसल्या काम’ अशा जाहिरातींतून खात्याचा तपशील घेतला जातो. याचे भीषण टोक परदेशात दिसते. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांना म्यानमारमधील फसवणूक केंद्रांत डांबण्यात आले होते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने त्यांपैकी ५४९ जणांना मायदेशी आणले.

सामाजिक परिणाम :

पहिला आघात विद्यार्थ्याच्या भवितव्यावर होतो. तक्रार दाखल होताच खाते गोठविले जाते आणि त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्ती अडकते. पुढे पारपत्र व शासकीय नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा आडवा येतो. दुसरा आघात कुटुंबावर होतो. परराज्यातील पोलिसांची नोटीस शेतमजुराच्या दारात येते, तेव्हा तिची भाषाही घरच्यांना कळत नाही. वकिलाचा व प्रवासाचा खर्च मिळालेल्या मोबदल्याच्या कितीतरी पट असतो आणि गावातील पत जाते ती वेगळीच.

तिसरा आघात परस्परविश्वासावर होतो. साखळीत अनवधानाने आलेल्या किरकोळ व्यापाऱ्याचे खातेही गोठविले जाते. मग तो डिजिटल देवघेवीलाच नकार देऊ लागतो. या सर्वांपलीकडे आयुष्याची पुंजी गमावलेली एखादी निवृत्त व्यक्ती असते. खाते देणाऱ्या युवकाला ती कधीच दिसत नाही, परंतु तिचे नुकसान त्याच्याच खात्यातून वाहिलेले असते.

कायदेशीर स्थिती :

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत सायबर गुन्ह्यांचाही समावेश आहे. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार फसवणुकीने सिम कार्ड मिळविणेही दंडनीय आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव सिद्ध करण्यात विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे खर्ची पडू शकतात.

उपाययोजना :

१) प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीसाठी बँक खाते उघडले जाते. खाते भाड्याने देण्याचे परिणाम मातृभाषेत समजावून सांगण्याची तीच योग्य वेळ आहे.

२) विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. तो संगणक विभागापुरता मर्यादित न ठेवता कला व वाणिज्य शाखांपर्यंत पोहोचवावा.

३) खाते दिलेला विद्यार्थी घाबरून संभाषण पुसून टाकतो आणि स्वतःच्या बचावाचा पुरावाच नष्ट करतो. त्याने संदेश जपून ठेवावेत, बँकेला लेखी कळवून कार्ड व सिम बंद करावे आणि पालकांसह पोलिसांकडे स्वतःहून जावे. फसवणूक झालेल्याने १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम थोपविता येण्याची शक्यता अधिक असते.

४) ‘संस्थेची बदनामी’ टाळण्यासाठी प्रकरण दडपणे आणि चौकशीआधीच विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरविणे ही दोन्ही टोके टाळावीत. विश्वासाने सांगता येईल असा एक प्राध्यापक प्रत्येक विद्यार्थ्याला लाभला पाहिजे.

५) शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी आणि ‘कमवा व शिका’ योजनेचा विस्तार व्हावा. निकड कमी झाली की आमिषाचे बळही कमी होते.

निष्कर्ष :

सायबर गुन्हेगारीकडे केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहिल्यास भाड्याने खाते देणारा युवक नजरेतून निसटतो. त्याच्या कृतीचे मूळ निकड, अज्ञान व मैत्रीचे दडपण यांत आहे आणि ही तिन्ही कारणे वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या परिचयाची आहेत. पोलिसांचे काम गुन्हा घडल्यानंतर सुरू होते. शिक्षकाला त्यापूर्वी बोलता येते. आपले बँक खाते म्हणजे आपली सही आहे आणि सही उसनी द्यायची नसते, एवढे जरी विद्यार्थ्याच्या मनावर बिंबले, तरी अनेक घरांवरील संकट टळेल.