फियाट हाकणाऱ्याची, अँबॅसडर बसणाऱ्याची

कल्याणहून निघून मुरबाड, सरळगाव करत टोकावड्याला पोचेपर्यंत कुठलीही गाडी शहाण्यासारखी चालते. वैशाखरे मागे पडलं की माळशेजची चढण लागते आणि गाडीचं पाणी कळतं. मारुती येण्यापूर्वी या रस्त्यावर खाजगी गाडी दिसलीच, तर बहुधा फियाट किंवा अँबॅसडर.

दोघीही मूळच्या परदेशी. फियाट ११०० इटलीत १९५३ साली नव्या रूपात आली. आपल्याकडे ती वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात घडवली. १९७४ पासून तिच्यावर ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नाव झळकलं, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिलं. त्याआधीचं गोलसर मॉडेल तर सरळ ‘डुक्कर फियाट’! अँबॅसडर म्हणजे इंग्लंडची १९५६ची मॉरिस ऑक्सफर्ड. मायदेशी तिची कधीच सुट्टी झाली, पण हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्यात तिला २०१४ पर्यंत चालू ठेवलं.

घाटात दोघींचे स्वभाव उघडे पडतात. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, अंग हलकं. स्टिअरिंगशेजारचा गियरचा दांडा हाताला बसला की वळणावर ती चटकन वळते, हाकणाऱ्याला मजा येते. पण पाच माणसं आणि वर कॅरियरला सामान असेल तर दुसऱ्या गियरमध्ये कण्हायला लागते. उन्हाळ्यात पेट्रोल पंप तापला की बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि दरी बघत बसायचं. अँबॅसडरचं इंजिन मोठं, १४८९ सीसीचं; तीही तापतेच, पण ओझ्याची कुरकुर कमी. स्टिअरिंग जड, ब्रेक दाबायला पायात जोर हवा. मागे बसलेल्याला मात्र खड्डे निम्मेच लागतात. म्हणून डॉक्टर-वकील स्वतः फियाट चालवत आणि लाल दिव्याचे साहेब अँबॅसडरच्या मागच्या सीटवर रेलत, असं मला वाटतं.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत फियाट आणि कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीत अँबॅसडर, यात आवडीनिवडीपेक्षा कारखान्याच्या शेजाराचा भाग मोठा असावा. सुटे भाग हाताशी, मिस्त्री गल्लोगल्ली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली तशी २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली.

माझं मत विचाराल तर एकट्याने घाट चढायला फियाट. घरच्या सगळ्यांना घेऊन ओतूरला लग्नाला निघायचं असेल, तर मात्र अँबॅसडर. आणि चालवायला दुसरा कुणीतरी.