मूळव्याधीची लाज नको, लोहाची गोळी बंद नको

सातवा महिना उलटला की तपासणीला आलेली भगिनी पायाची सूज सांगते, कंबरदुखी सांगते, झोप लागत नाही हेही सांगते. पण शौचाच्या जागी कोंब आला आहे, आग होते, रक्त पडते, हे मात्र सांगत नाही. सांगितलेच तर सगळे बोलून झाल्यावर, आवाज खाली आणून. आधी वॉर्डात आणि आता वस्त्यांमध्ये काम करताना हे मी वारंवार पाहिले आहे. असा त्रास लपवणारी भगिनी बहुतेक वेळा स्वतःच एक उपाय करते. लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होते म्हणून ती त्या गोळ्या गुपचूप बंद करते. मूळव्याधीपेक्षा हा उपाय जास्त धोक्याचा आहे.

हा त्रास का होतो?

गुदद्वाराच्या आत आणि कडेला रक्तवाहिन्यांचे जाळे प्रत्येकालाच असते. त्या फुगल्या, खाली उतरल्या की आपण मूळव्याध म्हणतो. गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, वाढत्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो आणि खालून वर जाणारे रक्त तिथेच साचू लागते. याच काळातल्या संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि आतड्यांची हालचालही मंदावते. मळ आत जास्त वेळ राहतो, त्यातले पाणी शोषले जाते, तो कडक होतो. मग कुंथावे लागते आणि कोंब आणखी फुगतो. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास अनेकींना होतो.

यात तुमचा दोष नाही. हा कसलाही घाणेरडा रोग नाही, तो कोणाला लागत नाही आणि पोटातल्या बाळाला त्याने इजा होत नाही. मूळव्याध आहे म्हणून सिझेरियन करावे लागते, हाही गैरसमज आहे.

गोळी का सोडायची नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात, 7 च्या खाली गेले तर तो तीव्र असतो. बाळंतपणात थोडेफार रक्त प्रत्येकीचेच जाते. अंगात रक्त पुरेसे असेल तर शरीर ते भरून काढते. आधीच कमी असेल तर तेवढेच रक्त जाणे जिवावर बेतू शकते. त्यात मूळव्याधीतूनही रोज रक्त जात असेल तर लोहाची गरज वाढते, कमी होत नाही.

सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह व फॉलिक अॅसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची असते आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर जास्त देतात. गोळीने पोट घट्ट होत असेल तर हे करून पाहा :

- गोळी रात्री जेवणानंतर घ्या. सोबत लिंबूपाणी किंवा आवळा घ्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको.
- कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. मध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवा.
- तरीही त्रास होत असेल तर सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा. गोळी बदलून देता येते, सोबत पोट साफ होण्याचे औषध देता येते आणि रक्त फारच कमी असेल तर रुग्णालयात लोहाचे इंजेक्शनही देतात.

गोळीमुळे शौचाला काळपट होते. त्याने घाबरू नका. मात्र डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे होत असेल तर दाखवा.

शौच मऊ राहावे म्हणून

महागड्या वस्तूंची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-चवळीची उसळ, सालीसकट डाळी, मेथी, शेपू, चवळईसारख्या पालेभाज्या, पेरू आणि केळी यांतला चोथा मळ मऊ ठेवतो. पीठ चाळून कोंडा फेकू नका. मैद्याची बिस्किटे, खारी, पाव यांवर दिवस काढू नका. तिखटाने मूळव्याध होत नाही, पण असलेली आग वाढते.

दिवसभरात आठ ते दहा पेले पाणी हवे. इथेच आपल्या भगिनींची खरी अडचण असते. घरात संडास नसतो, सार्वजनिक संडासाला रांग असते, कामाच्या ठिकाणी सोय नसते. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी, ऊसतोडीला जाणारी बाई म्हणून मुद्दाम पाणी कमी पिते आणि लागलेली शौचाची भावना अंधार पडेपर्यंत दाबून ठेवते. ही सवय नसून नाइलाज आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही निघण्याआधी, घरी असताना वेळ काढा. सकाळी उठल्यावर किंवा जेवणानंतर आतडी जास्त हलतात, ती वेळ साधा. भावना झाली की शक्यतो थांबू नका. आणि कामाच्या ठिकाणी संडास मागणे ही चैन नव्हे, बचत गटाच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.

शौचाला दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, मोबाइल बाहेर ठेवा. कुंथू नका, श्वास सोडत हलका जोर द्या. उकिडवे बसणे चांगले, पण शेवटच्या महिन्यांत उठताना तोल जातो, म्हणून धरायला आधार ठेवा. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्या. एकाच जागी फार वेळ उभे राहू किंवा बसू नका. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल तर रोज अर्धा तास चाला. झोपताना डाव्या कुशीवर झोपा, शिरांवरचा भार कमी होतो.

कोंब दुखू लागला तर

घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसा. पाणी आधी कोपराने तपासा. बसता-उठताना कोणीतरी हात द्यावा. सूज जास्त असेल तर बर्फ कापडात गुंडाळून काही मिनिटे लावा, थेट त्वचेवर नको. शौचानंतर जागा पाण्याने धुवा, साबण चोळू नका, मऊ सुती कापडाने टिपून कोरडी करा. कोंब बाहेर आला असेल तर धुतल्यावर स्वच्छ बोटाने हळूच आत सारता येतो. जात नसेल तर जबरदस्ती नको.

इसबगोल चमचाभर मोठा पेलाभर पाण्यातून घेता येते. वर आणखी पाणी प्या, नाहीतर उलटे पोट घट्ट होते. मलम आणि वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारूनच. दुकानातून स्वतः आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी औषधे शेवटच्या महिन्यांत बाळाला घातक ठरू शकतात. एरंडेल पिऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात. भिंतीवर जाहिरात रंगवून ‘एका दिवसात मूळव्याध गायब’ म्हणणाऱ्याकडून इंजेक्शन, दोरा किंवा जाळणारा लेप घेऊ नका.

रक्त नेमके कुठून?

मूळव्याधीचे रक्त लालभडक असते आणि शौचाच्या वेळी किंवा लगेच नंतर दिसते. शौचाला न जाता कपड्यावर रक्त दिसले, तर ते योनीमार्गातून असू शकते. वार खाली असणे किंवा वार सुटणे ही त्याची कारणे असतात आणि त्यात दुखेलच असे नाही. अशा वेळी स्वच्छ पॅड लावा आणि लगेच 108 किंवा 102 ला फोन करून रुग्णालय गाठा. शंका असली तरी जा. ‘मूळव्याधीचेच असेल’ म्हणून घरी थांबू नका.

कोंब अचानक निळसर, टणक होऊन असह्य दुखू लागला, रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. रक्त थोडेच पडत असले तरी एकदा तपासून घ्यावेच, कारण चीर पडली असेल तर तीही दुखते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

घरच्यांसाठी

बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचा कोंब आपोआप बसतो. पण बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे आणि भाजी बंद करायची, ही प्रथा त्रास लांबवते. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्तच लागते. सासूबाईंनी, आईने हे समजून घ्यावे. नळावरून पाण्याचे हंडे आणणे, रात्री संडासापर्यंत सोबत जाणे, पाणी कोमट करून देणे ही कामे नवऱ्याने करावीत. सोबतीला कोणी नाही म्हणून कित्येकींना रात्री शौच दाबून ठेवावे लागते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे गेलात की केसपेपर पुढे करतानाच दोन गोष्टी सांगा : मला शौचाच्या जागी त्रास आहे, आणि मी लोहाच्या गोळ्या घेते किंवा बंद केल्या आहेत. सर्वांसमोर बोलायला जड जात असेल तर आशाताईंना आधी सांगून ठेवा, त्या सिस्टरला बाजूला घेऊन सांगतील. वॉर्डातल्या सिस्टरने हे शेकडो वेळा ऐकलेले असते. तिला त्यात नवल वाटत नाही, तुम्हीही लाज बाळगू नका.