हात नाही, कंबर फेकते!

फ्रिसबी हातात घेतलीत की पहिल्याच दिवशी एक गंमत कळते. जितका जोर लावाल, तितकी ती हट्ट करते. वर चढते, हवेत थबकते आणि डावीकडे गळून पडते. मग आपण आणखी जोर लावतो, खांदा दुखवून घेतो आणि 'आपल्याला नाही जमत' म्हणत ती बॅगेत टाकतो. थांबा. दंडात ताकद कमी आहे म्हणून असं होत नाही. क्रम चुकतो म्हणून होतं.

हा खेळ काय आहे?

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडू-काठीऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली बास्केट. कमीत कमी फेकींत तबकडी बास्केटमध्ये टाकायची. अमेरिकेतल्या एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात ही बास्केट तयार केली आणि १९७६ मध्ये खेळाची संघटनाही उभी केली. आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते ती अल्टिमेट फ्रिसबी, पण बॅकहँडचा पाया दोन्हीकडे तोच. आणि सरावाला बास्केट लागतेच असं नाही. स.भु.चं मैदान असो की आमखास, एक झाड ठरवा, झालं तुमचं टार्गेट.

गल्ली क्रिकेटमध्ये ज्यांना कायम शेवटी बॅटिंग मिळाली, त्यांनी तर हा खेळ नक्की करून पाहावा. इथं अकरा जणांत जागा मिळवायची नसते. कालची आपली फेक आणि आजची, एवढीच मॅच.

आधी उभं राहून

धावत येऊन फेकायचा मोह टाळा. उजवा खांदा टार्गेटकडे, पाय खांद्याएवढ्या अंतरावर. (डावखुऱ्यांनी सगळं उलट करायचं.) चार बोटं कडेच्या आत, अंगठा वर. मूठ आवळू नका, पकड आपोआप सुटताना घट्ट होते.

आता मागे जाताना हात नाही, अंग वळवा. वजन मागच्या पायावर. डिस्क छातीच्या उंचीवर, सरळ रेषेत मागे आणि त्याच रेषेत पुढे. हात पोटाभोवती गोल फिरला की दिशा गेलीच म्हणून समजा.

पुढे येताना क्रम पाठ करा: पाय, कंबर, खांदा, कोपर, मनगट. पुढचा पाय रोवला की कंबर वळते, ती खांद्याला ओढते आणि मनगटाची पाळी सगळ्यात शेवटी येते. गावाकडे गोफण फिरवताना पाहिलीय? हात फारसा पळत नाही, दोरीचं टोक पळतं. तेच इथं.

टॉवेलचा प्रयोग

ओला टॉवेल वाळत घालण्याआधी झटकता ना? त्याचं टोक धरून बॅकहँडची अॅक्शन करा. फटकारा अंगाच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला वाजला पाहिजे. छातीजवळच वाजला, तर हात लवकर उघडला. हॉस्टेलच्या खोलीतही जमतं, फक्त रूममेटला आधी सांगा.

नाक खाली!

डिस्कची पुढची कड म्हणजे तिचं नाक. ते वर राहिलं की डिस्क वर चढून वेग गमावते. टपरीवर किटलीतून चहा ओतताना मनगट जसं किंचित खाली झुकतं, तसं ठेवा. आणि शेवटी ती थोडी डावीकडे वळली तर घाबरू नका. उजव्या हाताचा बॅकहँड वरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, वेग कमी झाला की डावीकडे झुकतोच. नेम जरा उजवीकडे धरा.

ड्रायव्हर नको, पटर घ्या

२०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअरनं नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याची साथ घेऊन, डिस्क ३३८ मीटर फेकली. क्रिकेटच्या सगळ्यात लांब बाउंड्रीच्याही चौपट! असे व्हिडिओ पाहून धारदार कडेची ड्रायव्हर घ्यावीशी वाटते. पण ती वेगाशिवाय उडत नाही. पटर किंवा मिडरेंज संथ असते आणि तुमची चूक लगेच दाखवते. शिकताना तेच हवं.

आठवड्याचा प्लॅन

• रोज पाच मिनिटं टॉवेल.

• तीन दिवस मैदान: उभ्यानं तीस फेकी, निम्म्या जोरानं.

• शेवटच्या पाच फेकी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, एकदा बाजूनं, एकदा मागून. मनगट कंबरेच्या आधी निघतंय का, एवढंच बघा.

• अंतर पावलांनी मोजा आणि वहीत लिहा.

• उभ्यानं पाचातल्या चार सरळ गेल्या, तरच चालत येऊन फेकायला लागा.

आणि हो, सकाळी मैदानावर चालणारे आजी-आजोबा असतात, पलीकडे कुणाची टेनिस बॉलची मॅच रंगलेली असते. डिस्क कडक प्लास्टिकची असते, जोरात लागते. समोर कुणी असेल तर थांबा. हात खाली घ्या, त्यांना जाऊ द्या, मग फेका.