पोई-नर्तनातील रिक्त अवकाश

न्यूझीलंडच्या माओरी नर्तनपरंपरेतून आलेली पोई, अर्थात दोरीच्या टोकाचा चेंडू, फिरू लागताच दृष्टी चेंडूमागे धावते. आकृती मात्र चेंडू जेथे जात नाही त्या रिक्त अवकाशानेही घडते. हाताच्या एका फेऱ्यात चेंडूने उलट दिशेने तीन फेरे घेतल्यास चार पाकळ्यांचे फूल उमटते. हाताच्या वर्तुळाची त्रिज्या दोरीएवढीच असल्यास पाकळ्या मध्यबिंदूत मिळतात व मागील चेहरा छेदला जातो. ती ४० सेंटिमीटर व दोरी २५ सेंटिमीटर असल्यास १५ सेंटिमीटर त्रिज्येचे गवाक्ष मोकळे उरते. चेहऱ्यास ते पुरते. परंतु भूमितीत बाहू नसतो, नर्तकास असतो! हात विरुद्ध खांद्यावरून वर चढू लागताच बाहूच गवाक्षास आडवा येतो, आणि ही अडचण दोरीची लांबी बदलून सुटत नाही.